थंडीत मुक्या जनावरांना कोरडी जागा द्या



मागे एकदा वर्गात बाईंनी विचारले, "थंडी पडली. तुम्ही काय काय केलंत?" कोणी म्हणाला स्वेटर काढला, कोणी म्हणाला शेकोटी केली, कोणी म्हणाली आजीच्या गोधडीत शिरले. मग बाईंनी विचारले, "आणि तुमच्या गोठ्यातल्यांनी काय केलं?" सगळा वर्ग गप्प झाला. मी तर जास्तच गप्प झालो. का, ते पुढे सांगतो.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" असे पुष्कळ लोक म्हणतात. खरे आहे. आपला ठाणे जिल्हा काही काश्मीर नाही. पण कल्याण सोडून मुरबाडकडे यायला लागले की हवा बदलते. पौष महिन्यात पहाटे मुरबाड, बदलापूरकडे पारा कधी कधी १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो. आपण दार लावून झोपतो. गुरे उघड्या पडवीत, शेळ्या कुडाच्या आडोशाला, आणि कोंबड्या खुराड्यात.

आता माझी गोष्ट. मागच्या हिवाळ्यात आमची शेळी रात्री व्याली. दोन करडे झाली. भात झोडून झाल्यावर आमचा सगळा पेंढा टेम्पोत भरून विकला होता. गोठ्यात अंथरायला काही उरले नव्हते. जमीन मुताने ओली होती. आम्ही करडांवर गोणपाट टाकले, पण खाली ओलच. थोड्या वेळाने गोणपाटही ओले झाले. आई म्हणाली, "मधून मधून उठून बघ रे." मी हो म्हटले आणि झोपलो. पहाटे उठून बघतो तर धाकटे करडू गार पडलेले. मी घाईघाईने चमच्याने कोमट दूध त्याच्या तोंडात घातले. ते त्याच्याने गिळवेना. सूर्य वर यायच्या आत ते गेले.

नंतर गुरांचे डॉक्टर आले होते, त्यांनी समजावून सांगितले. गारठलेल्या करडाला आधी पुसून कोरडे करायचे, ऊब द्यायची, आणि अंगात ऊब आल्यावरच दूध पाजायचे. गारठलेल्या पिल्लाला गिळता येत नाही, दूध छातीत जाते. आणि नवीन पिल्लाला पहिल्या तासाभरात आईचा चीक मिळालाच पाहिजे. त्याच्या अंगावर फारशी चरबी नसते, तोच त्याचा विस्तव.

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे. आपल्या भागातली थंडी नुसती जनावराला मारत नाही. थंडीला ओल मिळाली की ती मारते. म्हणून थंडीत पहिली काळजी घ्यायची ती कोरड्या जागेची. झूल, शेकोटी हे सगळे त्याच्यानंतर.

तुम्हाला हे पटत नसेल तर माळशेज घाटाच्या पलीकडे बघा. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात अवकाळी पाऊस आणि थंड वारा एकदमच आला. उघड्या रानात मेंढ्यांचे वाडे होते. शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. तिथेही बर्फ पडला नव्हता. लोकर अंगावर होती, पण ती भिजली होती. भिजलेली लोकर म्हणजे भिजलेली गोधडी. ती अंगावर असून काय उपयोग?

उलट मंगोलिया देशात बघा. तिथे थंडी शून्याखाली ३० अंशांच्याही खाली जाते. फार कडक हिवाळ्याला ते लोक 'झुद' म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये तिथली ८० लाखांहून जास्त जनावरे दगावली. अशा देशातले मेंढपाळ रात्री मेंढ्यांच्या खाली काय घालतात? वाळलेल्या शेणालेंड्यांचा जाड कोरडा थर! त्यांच्याकडे आपल्यासारखा पेंढा नाही. आपल्याकडे आहे, आणि आपण तो सगळाच्या सगळा विकून टाकतो.

यावर मोठी माणसे म्हणतील, "पेंढा विकला नाही तर दुकानाची उधारी कोण फेडणार? तुझ्या वह्या कुठून येणार?" हे बरोबर आहे. आमच्या बाबांनी हौसेने पेंढा विकला नव्हता. मी पेंढा विकू नका असे म्हणत नाही. मी म्हणतो, टेम्पो दारात यायच्या आधी थंडीपुरते भारे बाजूला काढून ठेवा. आपण बियाण्याचे भात आधी बाजूला काढतो की नाही? कितीही नड असली तरी ते खात नाही. तसेच हे. एका करडाची किंमत आणि चार भाऱ्यांची किंमत मांडून बघा, मग सांगा कोणाचा हिशोब चुकला.

शिवाय तो पेंढा वाया जात नाही. शेणामुताने भिजलेला पेंढा रोज सकाळी काढून उकिरड्यात टाकला की त्याचे खत होते. पेंढा अगदीच नसेल तर वाळका पाला किंवा गिरणीवरचे भाताचे तूस अंथरावे.

दुसरी गोष्ट पोटाची. गाय, बैल, शेळी यांच्या पोटात वैरण आंबते आणि त्यातून ऊब तयार होते. म्हणून संध्याकाळी त्यांना पोटभर सुकी वैरण द्यावी. रात्रभर तीच त्यांची शेकोटी. पाणी रात्रीचे गारठलेले देऊ नये. सकाळी विहिरीतून ताजे ओढलेले पाणी थंडीत कोमट लागते, ते द्यावे. गार पाणी जनावर कमी पिते, आणि पाणी कमी प्याले की वैरणही कमी खाते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. ज्या बाजूने वारा येतो तिथे बारदान शिवून पडदा लावावा, रात्री सोडावा, सकाळी गुंडाळावा. पण गोठा सगळीकडून बंद करू नये. आत मुताची वाफ कोंडते, डोळे चुरचुरतात आणि जनावर खोकायला लागते. वर थोडी फट ठेवावी. आणि गोठ्यात शेकोटी तर मुळीच करू नये. पेंढ्याला ठिणगी लागली तर दावणीला बांधलेले जनावर पळणार कुठे? कोंबडीच्या लहान पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंशांची ऊब लागते. ती आईच्या पंखाखाली मिळते. आई नसेल तर खोक्यात तूस घालून वर दिवा टांगावा, पण तुसाला लागणार नाही इतका उंच.

आपली म्हसा यात्रा सर्वांना माहीत आहे. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि बैलांचा मोठा बाजार लागतो. तिथे घोंगड्याही विकायला येतात. माणसे बैल बघतात, घोंगडी घेतात, आणि घोंगडी स्वतः पांघरून बैलाच्या शेजारी शेकत बसतात. बैल मोकळ्या माळावर दव अंगावर घेत उभा! जे शेतकरी बैलाच्या पाठीवर गोणपाटाची झूल टाकतात आणि खाली पेंढा पसरतात, त्यांना मी नमस्कार करतो. दवाने भिजली तर झूल सकाळी काढून उन्हात टाकावी, एवढेच सांगणे.

माझी आत्या डोंबिवलीला राहते. तिथे गोठे नाहीत, पण कुत्री-मांजरे आहेत. सकाळी जिना धुताना तिथे झोपलेल्या कुत्र्यावर बादलीभर गार पाणी टाकलेले मी पाहिले आहे. कुत्रे हाकलायचे तर हाकला, पण थंडीत भिजवू नका. मांजरे उबेसाठी गाडीच्या इंजिनाजवळ शिरतात, म्हणून गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा.

कोणी म्हणेल, जनावर आमचे, आम्ही बघू. पण तसे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून १९६० साली आपल्या देशात कायदा झाला. मालकाने जनावराला पुरेसा चारा, पाणी आणि निवारा दिला नाही तर त्या कायद्याने तो गुन्हा आहे. पण कायद्याच्या भीतीने करण्यापेक्षा आपण होऊन केलेले चांगले.

मित्रांनो, आपण मुलांनी एक काम घेऊ. रोज संध्याकाळी खेळून घरी गेलात की गोठ्यातल्या अंथरुणावर गुडघा टेकून दहा आकडे मोजा. उठल्यावर गुडघा ओला लागला, तर तिथे तुमची शेळी रात्रभर बसणार आहे. लगेच अंथरूण बदला. याला पैसा लागत नाही.

आमचे थोरले करडू वाचले. यंदा ते स्वतःच गाभण आहे. बाबांनी या वर्षी न सांगता पेंढ्याचे आठ भारे माळ्यावर ठेवले आहेत. या खेपेला रात्री उठायचे काम माझे आहे. मी झोपणार नाही.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी