विश्लेषण : इंजिनातून ठकठक, घाटात गाडी ओढेना… छोट्या डिझेल मोटारीचा आजार ओळखायचा कसा?

एके काळी ‘कितना देती है’च्या हिशेबात सर्वांना मागे टाकणाऱ्या छोट्या डिझेल मोटारी आता पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहेत. यातल्या अनेक गाड्यांच्या मालकांची तक्रार एकच असते. बॉनेटमधून ठकठक येते आणि चढावर गाडी पिकअप घेत नाही. गॅरेजमध्ये कोणी ‘नोझल गेले’ म्हणतो, तर कोणी थेट ‘इंजिन काम’ सांगतो. या दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यामुळे इंजिन खोलण्याआधी नेमके काय तपासायचे, हे मालकाला माहीत असणे आवश्यक ठरते.

या मोटारी आताच चर्चेत का?

जून २०१०मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४पर्यंत सरकारी नियंत्रणात राहिले. मधल्या काळात दोन्ही इंधनांच्या दरांतील तफावत लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास गेली आणि छोट्या डिझेल मोटारींना प्रचंड मागणी आली. त्या लाटेचा मोठा भार एका इंजिनाने उचलला. ते म्हणजे फियाटचे १२४८ सीसीचे १.३ मल्टिजेट. पुण्याजवळच्या रांजणगावमध्ये ते बनत असे. मारुतीने परवाना घेऊन तेच इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ यांत वापरले, तर टाटांच्या इंडिका व्हिस्टातही ते होते. म्हणूनच त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हटले जाई.

१ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ निकष लागू झाले आणि छोट्या डिझेल इंजिनांना ते गाठणे खर्चिक ठरल्याने बहुतेक कंपन्यांनी ती बंद केली. हॅचबॅक गटात टाटा अल्ट्रोझसारखा एखादाच अपवाद उरला. परिणामी, २०११-१३मध्ये घेतलेल्या गाडीला तिच्याच जातीची नवी गाडी हा पर्याय आज जवळपास नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. त्यामुळे ‘इंजिनावर खर्च करायचा की गाडी काढायची’ हा प्रश्न अनेक घरांत आता उभा आहे.

डिझेल इंजिन मुळातच आवाज का करते?

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. फवारा सुटणे आणि पेट घेणे यांत अगदी सूक्ष्म विलंब असतो. तेवढ्या वेळात साचलेले डिझेल एकदम भडकले, की दाब झटक्यात वाढतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. कॉमन रेल तंत्रात मुख्य फवाऱ्याआधी डिझेलचा अगदी छोटा फवारा सोडला जातो. त्यामुळे ज्वलन हळुवार सुरू होते आणि आवाज कमी होतो. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे आवाज थोडा जास्त असणे म्हणूनच स्वाभाविक आहे. इंजिन गरम झाल्यावरही तो कमी होत नसेल किंवा नव्यानेच सुरू झाला असेल, तर मात्र कारण शोधायला हवे.

कोणता आवाज काय सांगतो?

पहिला प्रश्न हा, की आवाज इंजिनाच्या वेगासोबत बदलतो की चाकांच्या? गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर हलका दाबल्यावर ठकठक वाढली, तर दोष इंजिनाच्या बाजूला असण्याची शक्यता अधिक. ती फक्त वळणावर किंवा खड्ड्यांत येत असेल तर ॲक्सल जॉइंट, सस्पेन्शन यांकडे पाहावे. गाडी उचलताना-सोडताना एकच ‘धप्प’ येत असेल तर इंजिन माउंटिंग तपासावे.

इंजिनाच्या आवाजातही प्रकार आहेत. सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबत असेल, तर टायमिंग चेन किंवा तिला ताण देणाऱ्या टेन्शनरवर संशय जातो, कारण हा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. धातूवर हातोडी मारल्यासारखी तीक्ष्ण टकटक आणि सोबत धूर असेल, तर नोझल म्हणजे इंजेक्टरचा दोष संभवतो. इंजेक्टरच्या बुडाशी फसफस येत असेल आणि भोवती डांबरासारखा काळा थर जमला असेल, तर त्याखालचे तांब्याचे वॉशर गळत असते. खालून, ऑइल चेंबरच्या दिशेने येणारी जड ठकठक सर्वांत गंभीर. इंजिन गरम झाल्यावर आणि जोर पडल्यावर ती वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्याची शक्यता असते.

आवाज आणि ताकद एकाच वेळी का जातात?

कारण दोन्हींचे मूळ अनेकदा एकच असते. एका सिलिंडरचा इंजेक्टर नीट फवारत नसेल, तर तिथे ज्वलन बिघडते. आवाज येतो आणि चार सिलिंडरांतला एक आपला वाटा उचलत नाही. इंजेक्टर झिजून जास्तीचे डिझेल परतीच्या नळीत सोडत असेल, तर कॉमन रेलमध्ये पुरेसा दाबच तयार होत नाही. टायमिंग चेन सैल होऊन क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकला, तर झडपा चुकीच्या वेळी उघडतात.

पण दरवेळी असे नसते. ठकठक जुन्या माउंटिंगची आणि ताकद गेली ती तुंबलेल्या डिझेल फिल्टरमुळे, असे दोन वेगळे दोष एकत्र येऊ शकतात. शिवाय गंभीर दोष आढळल्यास इंजिनाचा संगणक स्वतःहून ताकद मर्यादित करतो. याला ‘लिंप मोड’ म्हणतात. अशा वेळी चेक इंजिनचा दिवा लागतो आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी एका मर्यादेपुढे जात नाही.

तपासणीचा क्रम कोणता असावा?

स्वस्त आणि सोप्या तपासणीपासून सुरुवात, हे साधे सूत्र. सर्वप्रथम डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहावी. ती किमान खुणेखाली असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी ऑइल भरावे. पातळी न भरता वाढलेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर कुठला तरी इंजेक्टर गळून डिझेल खाली उतरत असण्याची शक्यता आहे. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे संरक्षण करू शकत नाही.

दुसरी पायरी डिझेल आणि हवेचा फिल्टर. डिझेल फिल्टरमधील पाणी काढून पाहावे. आवाज टाकी भरल्यानंतर लगेच सुरू झाला असेल, तर इंधनाचा नमुना पारदर्शक बाटलीत घेऊन ठेवावा. पाणी असल्यास ते तळाशी बसते. चुकून पेट्रोल भरले गेले असेल, तर इंजिन सुरूच करू नये. डिझेलचे वंगण हाय-प्रेशर पंपाला लागते, पेट्रोलमुळे ते हरपते.

तिसरी पायरी स्कॅनर. ‘पी००८७’ हा कोड रेलमधील दाब कमी असल्याचे, ‘पी०२९९’ टर्बोचा दाब कमी असल्याचे, तर ‘पी००१६’ क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचे सांगतो. मात्र, कोड म्हणजे निदान नव्हे. ‘रेलचा दाब कमी’ यामागे फिल्टर, पंप, इंजेक्टर किंवा सेन्सर असे कोणतेही कारण असू शकते. म्हणून इंजिन चालू असताना दाब किती हवा आणि प्रत्यक्षात किती आहे, तसेच प्रत्येक सिलिंडरला संगणक किती कमी-जास्त डिझेल देतो आहे, हे आकडे पाहणे महत्त्वाचे.

नोझल की बेअरिंग, हे कसे ठरते?

यासाठी एकेक सिलिंडर तात्पुरता बंद करून पाहतात. हे काम स्कॅनरद्वारे किंवा इंजिन बंद असताना एका इंजेक्टरचा कनेक्टर काढून मग ते सुरू करून होते. एखादा सिलिंडर बंद केल्यावर इंजिनाच्या चालीत फरकच पडला नाही, तर तो आधीपासूनच काम करत नव्हता, असा अर्थ होतो. एखादा बंद केल्यावर ठकठक थांबली, तर दोषाची जागा सापडते, पण प्रकार ठरत नाही. कारण त्या सिलिंडरमधील स्फोटाचा जोर नाहीसा झाल्याने झिजलेल्या बेअरिंगचा आवाजही कमी होतो.

म्हणून पुढच्या चाचण्या लागतात. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला छोटी बाटली जोडून किती डिझेल परत येते, ते मोजतात. एकच बाटली इतरांपेक्षा झपाट्याने भरली, तर तो इंजेक्टर झिजलेला. नंतर काढलेले इंजेक्टर टेस्ट बेंचवर तपासता येतात. त्यात दोष नसेल तर कॉम्प्रेशन आणि ऑइलचा दाब गेज लावून मोजावा. ऑइलचा दाब कमी आणि काढलेल्या ऑइलमध्ये चमकणारे धातूचे कण, ही बेअरिंग गेल्याची ठोस खूण. तेव्हाच ऑइल चेंबर खोलून बेअरिंग पाहणे योग्य ठरते.

एक इशारा महत्त्वाचा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांवर चालू इंजिनात नोझलचा पाइप सैल करून सिलिंडर तपासण्याची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारहून अधिक जातो. त्याची बारीक धारही त्वचा भेदून आत शिरू शकते. त्यामुळे इथे ती पद्धत कधीही वापरू नये.

हवेच्या बाजूचा दोष कसा कळतो?

आवाज किरकोळ, पण चढावर दम लागतो आणि मागून काळा धूर येतो, असे असेल तर डिझेलपेक्षा हवा कमी पडते आहे. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप फाटला, तर जोर दिल्यावर ‘सुऽऽ’ असा आवाज येतो आणि पाइपवर तेलकट डाग दिसतो. ईजीआर झडप काजळीने उघडी अडकली, तर जळालेला वायू पुन्हा पुन्हा आत येतो. हे दोष साफसफाई किंवा एका पाइपने सुटू शकतात. पण नेमके तेच न तपासता अख्खा टर्बो बदलला जातो. पांढरा धूर अर्धवट जळलेल्या डिझेलकडे बोट दाखवतो, तर निळा धूर ऑइल जळत असल्याकडे.

ठकठक असतानाही गाडी चालवली तर?

ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला किंवा खालून जड ठकठक सुरू झाली, तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करणे आणि ती टो करून नेणे हाच शहाणपणा. ‘गॅरेजपर्यंत तर जाऊ’ या विचाराने चालवलेल्या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये बेअरिंगसोबत क्रँकही खराब होतो. रॉड तुटला तर इंजिन ब्लॉकलाच भोक पडते. सतत गळणारा इंजेक्टर पिस्टनचा माथा वितळवू शकतो. सैल चेन दाते सोडून उडाली, तर झडपा पिस्टनवर आदळतात. चेनला पट्ट्यासारखी ठरावीक मुदत नसते, म्हणून ती ‘आयुष्यभराची’ समजली जाते. पण वेळेवर ऑइल न बदललेल्या इंजिनात हीच चेन लवकर ताणते. पीयूसी चाचणीत डिझेल इंजिन पूर्ण वेगापर्यंत फिरवले जाते. त्यामुळे असा आवाज असताना आधी दुरुस्ती, मग पीयूसी हा क्रम पाळावा.

दुरुस्ती की निरोप?

निर्णय निदानानंतरच घ्यावा. इंजेक्टर, चेन किंवा पाइपचा दोष असेल आणि कॉम्प्रेशन चांगले असेल, तर दुरुस्तीला अर्थ आहे. भाग आजही मिळतात आणि ही इंजिने उघडून बसवणारे कारागीर गावोगाव आहेत. इंजेक्टर बदलल्यास अनेक मॉडेलांत त्याचा कोड इंजिनाच्या संगणकात भरावा लागतो. तो भरला का, हे विचारावे. क्रँकपर्यंत काम गेले असेल, तर पत्र्याचा गंज, नूतनीकरणाचे शुल्क, पर्यावरण कर आणि दिल्ली परिसरात गाडी नेण्याची गरज हे सारे हिशेबात धरायला हवे, कारण तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंधांची टांगती तलवार राहिली आहे.

‘इंजिन काम’ सांगणाऱ्याला कॉम्प्रेशनचे आकडे, ऑइलचा दाब आणि परतीच्या डिझेलच्या बाटल्या दाखवायला सांगणे हा ग्राहकाचा हक्क आहे. या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय इंजिन खोलायला होकार देऊ नये.