रोलर म्हणजे दुरेघी वही

पावसाळा लागला की रस्त्यावर सायकल चालवणारे विचारतात, घरात रोलरवर सराव करून काही उपयोग होतो का? माझ्या मते होतो. पण दम वाढण्यापेक्षा सायकल सरळ चालवायला शिकण्यासाठी जास्त.

रोलरला 3 दंडगोल असतात. मागचं चाक दोघांवर, पुढचं एकावर. पट्ट्यामुळे पुढचा दंडगोलही फिरतो. सायकल कुठेही आवळलेली नसते. ट्रेनरवर ती घट्ट धरलेली असते, त्यामुळे तोल सांभाळावा लागत नाही. रोलरवर मात्र पॅडल झटक्याने मारलं किंवा खांदे आखडले, की चाक लगेच कडेला सरकतं.

ही शिस्त जीव वाचवणारी आहे. आपल्या महामार्गांवर सायकलला जागा उरते ती कडेच्या पांढऱ्या पट्टीलगत. मागून ट्रक येत असताना वीतभर डळमळणंही महागात पडू शकतं.

मर्यादाही आहेत. साध्या रोलरवर जोर फारसा लागत नाही. मुंबई-पुणे शर्यतीतल्या बोरघाटाची तयारी घाटातच करावी लागते. वळण, ब्रेक, खड्डे, समोरचा वारा हेही रस्ताच शिकवतो.

म्हणून आठवड्यातून 2-3 वेळा, 20 मिनिटं पुरेत. नवख्याने दाराच्या चौकटीत सुरुवात करावी, म्हणजे हात टेकता येतो. समोर पंखा हवाच.

अक्षर वळणदार व्हावं म्हणून आम्ही शिक्षक मुलांना दुरेघी वही देतो. पण परीक्षा दुरेघीवर होत नसते.