कुरुदमध्ये अक्षरं किती?



आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न. ‘कुरुद’ या शब्दात अक्षरं किती?

माझ्या आईनं लगेच सांगितलं, “तीन. कु, रु, द.” भाची म्हणाली, “आजी, मोबाइलवर लिहिताना पाच कळा दाबाव्या लागतात. क, उकार, र, उकार, द.” आणि भाचीनं सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमनं उत्तर दिलं, सोळा!

कुरुद म्हणजे भिलाईतलं आमचं राहतं ठिकाण. धमतरी जिल्ह्यातलं कुरुद वेगळं. कोहका-कुरुद रस्त्यावर इंजिनिअरिंगची मुलं रोज दिसतात, त्यामुळे सी भाषेचं नाव इथे भाजीवाल्यालाही ठाऊक असेल. आमच्या घरात ती शिरली संक्रांतीच्या हळदीकुंकवामुळे.

आईची बोलावण्याची यादी दरवर्षी वहीत असते. यंदा ती तिनं फोनवर लिहिली. पहिल्या वर्षाला असलेली भाची म्हणाली, “आजी, मी तुला ती अक्षरवार लावून देते. ‘क’ची नावं ‘क’खाली, ‘स’ची ‘स’खाली.” प्रोग्रॅम तयार झाला, चालला, पण प्रत्येक मथळ्याच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटलं.

“मावशी, सीला मराठी येत नाही गं. सगळी नावं इंग्रजीत टाकते,” ती वैतागून म्हणाली. पण आईला इंग्रजी वाचता येत नाही. यादी तिची, बोलावणं तिचं, आणि तिलाच ती वाचता येणार नाही? मग आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसलो. काय सापडलं, ते तुम्हालाही सांगते.

दारावरचा राखणदार

सीमध्ये बाहेरून येणारा मजकूर एका रांगेसारखा येतो. या रांगेला ‘इनपुट स्ट्रीम’ म्हणतात. ‘गेटचार’ हे फंक्शन म्हणजे दारावरचा राखणदार. एका वेळी तो एकालाच आत सोडतो. (फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे, संगणकावर ती इंग्रजी लिपीतच टाइप करा.)

तुम्ही कळ दाबली की अक्षर लगेच आत जातं असं मात्र नाही. सहसा एंटर दाबेपर्यंत सगळे दाराबाहेर थांबतात. एंटर दाबल्यावर एकेक आत येतो, आणि शेवटी एंटर स्वतःही येतो. त्याचा क्रमांक १०. सोळातला सोळावा तो हाच!

उरलेले पंधरा? राखणदार अक्षरं ओळखतच नाही. तो एकेक बाइट आत सोडतो आणि प्रत्येकाची ० ते २५५ मधली संख्या सांगतो. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी तयार केली, तेव्हा इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरत होता. अमेरिकी अ‍ॅस्की संकेतात जागाच १२८ होत्या. आपल्याकडे १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोनं ‘इस्की’ हा संकेत प्रमाण केला, त्यात देवनागरीच्या ‘क’लाही एकच बाइट लागे. आज फोनवर आणि इंटरनेटवर सगळीकडे चालते ती ‘यूटीएफ-८’ पद्धत. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये तयार केली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. मात्राही स्वतंत्र खूण, तिलाही तीन.

म्हणून ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. उकार म्हणजे २२४, १६५, १२९. कुरुदमध्ये पाच खुणा, पाच त्रिक पंधरा, आणि एक एंटर. सोळा!

भाचीचा प्रोग्रॅम नावाचा फक्त पहिला बाइट घेत होता. नुसत्या २२४ ला काही अर्थ नाही, म्हणून ते प्रश्नचिन्ह. मथळ्यासाठी पहिले तीन बाइट एकत्र छापले आणि ‘क’ दिसला. त्रिवेणी ‘त’खाली गेली, स्मिता ‘स’खाली. आई म्हणाली, “बरोबर. शब्दकोशातही असंच असतं.”

फोनवर न थांबणारा प्रोग्रॅम

उत्साहात भाचीनं तोच प्रोग्रॅम अँड्रॉइड फोनवर चालवला. तिथे तो थांबेचना! नावं संपली तरी प्रश्नचिन्हांचा पाऊस सुरू. लॅपटॉपवर मात्र तोच प्रोग्रॅम शहाण्यासारखा थांबत होता.

कारण असं. रांग संपली की राखणदार ‘ईओएफ’ सांगतो, म्हणजे ‘आता कुणी नाही’. ही संख्या ऋण असते, बहुधा −१. बाइटच्या २५६ संख्या आणि हा एक निरोप, एकूण २५७ उत्तरं. एका बाइटच्या डब्यात ती मावत नाहीत. म्हणूनच गेटचारचं उत्तर ‘इंट’ या मोठ्या डब्यात घ्यायचं असतं. भाचीनं ते ‘चार’ या छोट्या डब्यात घेतलं होतं.

बहुतेक लॅपटॉपवर छोट्या डब्यात ऋण संख्या चालतात, म्हणून −१ टिकला. अँड्रॉइड फोनवर त्या सहसा चालत नाहीत, तिथे −१ चा २५५ झाला. मग ‘संपलं’ हा निरोप प्रोग्रॅमला कधी कळलाच नाही. लॅपटॉपवरही धोका आहेच: एखाद्या फाइलमध्ये खरोखर २५५ हा बाइट असेल, तर प्रोग्रॅम मध्येच ‘संपलं’ समजून थांबेल. चारच्या जागी इंट लिहिलं आणि दोन्हीकडे काम झालं.

आजीचं ‘तीन’

आता उत्तर तीन कसं आणायचं? आधी तीन बाइटची एक संख्या करा. दुसऱ्यातून १२८ वजा करून ६४ ने गुणा, त्यात तिसऱ्यातून १२८ वजा करून मिळवा. ‘क’साठी ३६ गुणिले ६४ अधिक २१, म्हणजे २३२५. युनिकोडमधला ‘क’चा हाच क्रमांक.

मग नियम सोपा आहे. २३६६ ते २३८० या मात्रा, त्या मोजू नका. २३०५ ते २३०७ म्हणजे चंद्रबिंदू, अनुस्वार आणि विसर्ग, तेही सोडा. २३८१ म्हणजे पाय मोडायची खूण. ती सोडा आणि तिच्या लगेच नंतरचं व्यंजनही सोडा, कारण ते आधीच्या जोडाक्षरातलं. एंटरही वगळा. कुरुदची अक्षरं तीन येतील, त्रिवेणीचीही तीन.

तुमच्यापैकी कुणी फॉर्म किंवा अ‍ॅप बनवत असाल, तर एवढं लक्षात ठेवा. ‘नावाला वीस अक्षरं पुरेत’ म्हणून वीस बाइट ठेवले, तर मराठी नावाच्या सहाच खुणा मावतील. एकट्या त्रिवेणीला चोवीस बाइट लागतात. मग नाव मध्येच तुटतं, किंवा हद्द न तपासता वाचलं तर शेजारच्या डब्यातल्या माहितीवर सांडतं.

आमची यादी छापून झाली. आईनं चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि दोन नावं राहिल्याचं सांगितलं. ती फोनवर लिहायची तीच विसरली होती.

यावेळचा गृहपाठ: आधी स्वतःच्या नावाची अक्षरं बोटांवर मोजा, मग खुणा मोजा, तिनं गुणा. घरात कुणी सी शिकत असेल तर त्याच्याकडून लिनक्सच्या संगणकावर पडताळून घ्या. मजकूर संपला हे सांगायला ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल आणि डी दाबायचं. उत्तर एकानं जास्त आलं तर घाबरू नका, तो एंटर आहे!

भेटूया पुढच्या वेळी.