विश्लेषण : युरियापासूनची पिवळी भुकटी सूर्यप्रकाशातून हायड्रोजन देईल?

उमरेडची ओळख कोळशाची. वेकोलिच्या खुल्या खाणींवर इथले अनेक संसार चालतात, त्यामुळे ‘कोळशानंतर काय’ हा प्रश्न इथे जिव्हाळ्याचा आहे. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने स्वतःचे धोरणही मंजूर केले. हा हायड्रोजन थेट उन्हातून मिळवण्याच्या प्रयत्नांत सध्या कार्बन नायट्राइडची चर्चा आहे.

हा पदार्थ काय आहे?

कार्बन आणि नायट्रोजनचे पापुद्र्यासारखे थर असलेली ही फिकट पिवळी भुकटी. युरिया किंवा मेलामाइन सुमारे ५५० अंश सेल्सिअसला तापवून ती तयार होते. प्रकाशाच्या साह्याने ती पाण्यातून हायड्रोजन वेगळा करू शकते, हे २००९ मध्ये दिसून आले. १९७२ पासून चर्चेत असलेले टायटॅनियम डायऑक्साइड मुख्यतः अतिनील किरणेच शोषते आणि सूर्यप्रकाशात ती जेमतेम पाच टक्के असतात. कार्बन नायट्राइड दृश्य प्रकाशातला जांभळा-निळा भागही वापरते.

मग अडचण कुठे?

प्रकाश पडताच भुकटीतला इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे धनप्रभारित पोकळी राहते. इलेक्ट्रॉनने हायड्रोजन तयार करायचा, पोकळीने ऑक्सिजन. पण बहुतेक वेळा दोघे पुन्हा एकत्र येतात आणि ऊर्जा वाया जाते.

संमिश्राने काय साधते?

कार्बन नायट्राइडला दुसरा पदार्थ जोडला की इलेक्ट्रॉन एकीकडे, पोकळी दुसरीकडे जाते. त्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, ग्राफीन असे पर्याय वापरले जातात. कार्बनचे सूक्ष्म कण मिसळून दोन टक्के कार्यक्षमता मिळाल्याचे चीनमधील सुचौ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये जाहीर केले होते.

आकडे कसे वाचायचे?

अनेक प्रयोगांत पोकळ्या टिपण्यासाठी पाण्यात ट्रायइथेनॉलअमाइनसारखे रसायन घालतात, शिवाय प्लॅटिनमही वापरतात. त्यामुळे आकडा फुगतो. निव्वळ पाणी आणि खरे ऊन यांवरचा आकडाच महत्त्वाचा. जपानमध्ये १०० चौरस मीटरवर, वेगळ्या उत्प्रेरकासह झालेल्या चाचणीत सर्वाधिक कार्यक्षमता ०.७६ टक्के होती. याउलट, बाजारातले सौर पॅनेल सुमारे २० टक्के ऊन विजेत बदलते. त्या विजेने पाण्याचे विघटन केले, तरी एकूण कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या वर राहते. म्हणजे भुकटीला जिंकायचे असेल तर स्वस्ताई आणि टिकाऊपणावरच.

उमरेडसाठी अर्थ काय?

सांडपाण्यातील रंग व सेंद्रिय प्रदूषके नष्ट करणे हा या भुकटीचा तुलनेने जवळचा उपयोग. त्यात तिला पाण्याचे विघटन करावे लागत नाही. प्रकाश-उत्प्रेरकांवर नागपूरच्या ‘नीरी’त आणि पुण्याच्या ‘सी-मेट’मध्ये काम झाले आहे. मात्र खाणीतल्या रोजगाराला पर्याय आखताना या भुकटीची वाट पाहून चालणार नाही. ते नियोजन आज हाताशी असलेल्या तंत्रज्ञानावरच करावे लागेल.