सुईचें नेढें व मोगऱ्याचें आळें

चैत्र सरला, परीक्षा आटोपल्या, कीं घरोघरीं एकच तक्रार ऐकूं येते, "दिवस जातां जात नाहीं." ही तक्रार करणाऱ्यांत आम्हीही होतों. छत्तीस वर्षें अध्यापन केलें. त्यांतील प्रत्येक उन्हाळ्याची सुटी दुपारीं वामकुक्षी, चार वाजतां चहा आणि संध्याकाळीं नदीच्या घाटावर चार समवयस्कांसह देशाची चिंता, या क्रमानें खर्ची पडली. त्याच दुपारीं घरांतील बायकामाणसें काय करीत असतात, इकडे आमचें लक्ष नव्हतें. सांडगे-पापड गच्चीवर आपोआप वाळतात व गोधड्या ट्रंकेंत आपोआप निपजतात, अशीच जणूं आमची समजूत होती. यंदा ती गेली. कशी गेली, तें या महिन्याच्या सदरांत सांगावयाचें आहे. वाचकांनीं, विशेषतः आमच्या वयाच्या पुरुष वाचकांनीं, क्षमाशील वृत्तीनें वाचावें.

प्रथम बागेविषयीं, कारण तेवढाच प्रांत आमच्या ताब्यांत आहे. बाग हा शब्दही जरा मोठाच. मागील दारीं पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद अशी जागा. तींत तुळशीवृंदावन, चार मोगरे, एक कढीलिंब, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेला अळूचा वाफा आणि भिंतीलगत दोडक्याकारल्यांचा मांडव. कण्वाच्या आश्रमांतील शकुंतला झाडांना पाणी घातल्यावांचून स्वतः पाणी पीत नसे, हें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें रसाळपणें शिकविलें. मात्र स्वतः भांडें हातीं घेऊन आळ्याशीं उभें राहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतरच आला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत, म्हणजे सहाव्या शतकांतील ग्रंथांत, वृक्षायुर्वेद नांवाचा अध्याय आहे. लावलेल्या झाडांना ग्रीष्मांत सकाळसंध्याकाळ, हिवाळ्यांत एक दिवसाआड व पावसाळ्यांत माती सुकेल तेव्हां पाणी द्यावें, असें त्यांत सांगितलें आहे. आचार्यांचें म्हणणें शिरसावंद्य. परंतु आमच्या गांवीं वैशाखांत नळालाच एक दिवसाआड पाणी येतें, म्हणजे ऐन ग्रीष्मांत हिवाळ्याचा नियम पाळण्याची पाळी.

यावर दोन उपाय आम्हांस लागू पडले. पहिला आच्छादनाचा. शेजारच्या आंब्याचीं वाळलेलीं पानें आळ्यांत चार बोटें जाड पसरावीं, खोडाला मात्र भिडवूं नयेत. ऊन थेट मातीला लागत नाहीं व ओल टिकते. दुसरा उपाय माठाचा. बिनझिलईचा मातीचा माठ गळ्यापर्यंत जमिनींत पुरावा, तोंडावर ताटली झांकावी व भोंवतीं वेलाचें बीं टोंचावें. माठाच्या अंगांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपतें. माती कोरडी असेल तितकें अधिक ओढलें जातें, ओली असेल तर थांबतें. चीन देशांतील ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतल्या एका कृषिग्रंथांत ही युक्ति नोंदलेली आहे, तेव्हां ती आपली म्हणून कोणी मिरवूं नये. आम्हीं प्रथम काटकसर म्हणून स्वयंपाकघरांतला जुना, पाणी गार करीनासा झालेला माठ पुरला. तीन दिवसांनीं पाहतों तों पाणी जसेंच्या तसें आणि दोडक्याच्या कोंबांनीं माना टाकलेल्या! ज्या माठाचीं छिद्रें क्षारांनीं बुजलीं म्हणून तो पाणी गार करीत नाहीं, तो मातींत तरी झिरपणार कसा? तर्कसंग्रह शिकविलेल्या माणसास एवढा कार्यकारणभाव आधीं सुचूं नये, याचें घरांत यथेच्छ हंसें झालें. नवा माठ आणल्यावर वेल मांडवाला लागले.

मोगऱ्याचें शास्त्र निराळें. पौषांत त्याचें पाणी तोडून छाटणी करावी, माघाच्या उत्तरार्धांत शेणखत घालून पुन्हां पाणी सुरू करावें, म्हणजे चैत्रवैशाखांत झाड कळ्यांनीं लदबदतें. या मोगऱ्यांना पाणी घालण्यासाठीं आमच्या घरीं जें एक मोठें पातेलें वापरीत, त्याची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमचें कुटुंब आईच्या वर्षश्राद्धासाठीं माहेरीं गेलें असतां दारीं बोहारीण आली. जुने कपडे घ्यावयाचे व त्यांवर भांडें द्यावयाचें, हा तिचा धंदा. कपाटाच्या तळाशीं तीन जुनेरीं नऊवारी लुगडीं पडलेलीं आम्हांस ठाऊक होतीं. घरांत मोठ्या पातेल्याची अडचण आहे असें आम्हीं कितीदां तरी ऐकलें होतें. घासाघीस करून तीन लुगड्यांवर एक स्टीलचें पातेलें आम्हीं पदरांत पाडून घेतलें व व्यवहारचातुर्याबद्दल मनांतल्या मनांत पाठ थोपटली. तीं लुगडीं कुटुंबाच्या आईचीं होतीं, हें तिनें परत आल्यावर सांगितलें नाहीं. आमच्या वडील भगिनीनें सांगितलें. ती स्वतः एवढेंच म्हणाली, "पातेलें बरें आहे." त्या पातेल्यांत तिनें कधीं दूध तापविलें नाहीं कीं भात शिजविला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तें मागील दारीं गेलें, तें तेथेंच राहिलें.

आतां गोधडीकडे वळूं. गेल्या दिवाळीपासून कुटुंबाची नजर अधू होत चालली. नेत्रवैद्यांनीं तपासून सांगितलें, डोळ्याच्या आंतल्या पडद्याचा मध्यभाग झिजत आहे. मोतीबिंदु असता तर भिंग बदलून दृष्टि परत आली असती. येथें जें गेलें तें परत येत नाहीं, कडेची नजर मात्र बहुधा शाबूत राहते. म्हणजे असें, कीं ज्या वस्तूकडे थेट पाहावें तेथेंच धुकें, आणि जिच्याकडे पाहत नाहीं ती दिसते. मोगरा पाहावयाचा तर ती कढीलिंबाकडे पाहते. आमच्याशीं बोलावयाचें तर आमच्या कानाकडे. वाचन सुटलें. तांदूळ निवडणें सुटलें. धाकटी कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं आषाढांत घरीं यावयाची. तिच्यासाठीं गोधडी व बाळासाठीं दुपटें या उन्हाळ्यांत व्हावयाचें होतें. एके दुपारीं आम्ही झोंपेंतून उठून पाहतों तों ही ओटीवर बसलेली, एका हातांत सुई, दुसऱ्या हातांत दोरा, आणि दोहोंची गांठ कांहीं पडत नव्हती. किती वेळ तें चाललें होतें कोण जाणे. पुढ्यांत ओला करून करून पिंजलेला दोरा पडला होता. आमची चाहूल लागतांच ती म्हणाली, "अहो, एवढी सुई ओंवून देतां?"

बेचाळीस वर्षांच्या संसारांत आम्हीं सुई हातीं धरली नव्हती. पहिली सुई ओंवावयास पाव तास लागला. आतां युक्ति साधली आहे, ती लिहून ठेवतों: दोरा कात्रीनें तिरपा कापावा, चिमटींत अगदीं टोंकाशीं धरावा, आणि दोरा सुईकडे नेण्याऐवजीं सुईचें नेढें दोऱ्यावर आणावें. रोज सकाळीं पूजा आटोपली कीं आम्ही बारा सुया ओंवून, शेवटाला गांठ मारून, कापसाच्या गादीवर ओळीनें टोंचून ठेवतों. मास्तरच्या हाडाला हिशोबाची संवय असतेच, म्हणून गणितही करून पाहिलें. गोधडी चार फूट रुंद व साडेसहा फूट लांब, म्हणजे ४८ इंच व ७८ इंच. कडेपासून आंत एकेक इंच सोडून फेरे घालीत गेलें तर २४ फेरे भरतात व धांवदोऱ्याची लांबी सुमारें ३,७५० इंच येते. इंचास चार टांके धरले तर १५,००० टांके. आणि एका ओंवणींत दोन फूट शिवून होतें असें धरलें तर सुई सुमारें १५६ वेळां ओंवावी लागते. एवढें सगळें ज्या वस्तूंत आहे, ती आम्ही पायाखालीं तुडवीत निजत आलों.

टांका मात्र तिला दिसावा लागत नाहीं. डाव्या हाताचा आंगठा मागल्या फेऱ्यावर ठेवावयाचा, त्याच्या रुंदीएवढें अंतर सोडून पुढला टांका. कापड आधीं जमिनीवर ताणून चारी कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, पाट असें वजन ठेवून मोठमोठे कच्चे टांके घालून घेतले, कीं थर हलत नाहींत. पुढचें काम बोटांचें. हें ती आम्हांस समजावून देत होती आणि आम्ही मान डोलवीत होतों, तेव्हां ध्यानांत आलें कीं मान डोलविलेली तिला दिसत नाहीं. तेव्हांपासून "हो" म्हणतों.

संस्कृतांत गोधडीला कंथा म्हणतात. भर्तृहरीनें ती वर्णिली आहे. आचार्यांच्या नांवावर प्रसिद्ध असलेल्या चर्पटपंजरिकेंतील यति रस्त्यावरच्या चिंध्यांची कंथा पांघरतो. या शब्दाचा अर्थ आम्हीं पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला, कंथा म्हणजे वैराग्याचें लक्षण. पण यतीची ती कंथा शिवली कोणी, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानें विचारला नाहीं आणि आम्हांसही पडला नाहीं. बंगाल्यांत हा शब्द अद्याप चालतो. तेथील बायका जुन्या साड्यांच्या थरांवर फुलें, मासे, रथ असें भरीव नक्षीकाम करतात; कवि जसीमुद्दीन यांनीं १९२९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या दीर्घ कथाकाव्याला नक्षीदार कंथेचेंच नांव दिलें, व त्यांतील नायिका आपलें सारें आयुष्य टांक्यांनीं कंथेवर उतरवून ठेवते. आमच्याकडे नक्षी नाहीं, सरळ धांवदोरा. गाडगे महाराजांना लोक गोधडेबुवा म्हणत, तें त्यांच्या अंगावरच्या ठिगळांमुळें. पांढरपेशा घरांत मात्र पाहुण्यांपुढें कापसाची दुलई यावयाची व गोधडी माजघरांत राहावयाची, ही रीत आम्हीही पाळली. खरें पाहतां उन्हाळ्याच्या पहांटे गच्चीवर दुलईंत घाम फुटतो. जुन्या सुताची गोधडी घाम टिपते, आणि थरांमध्यें कोंडलेल्या हवेमुळें थंडींतही ऊब देते. नव्या कापडाचा खरखरीतपणा तान्ह्या अंगाला सोसत नाहीं, म्हणून दुपट्याला जुनें सूतच हवें. बाजारांत मिळणाऱ्या गुळगुळीत कृत्रिम धाग्याच्या रजयांविषयीं आमचें मत येथें लिहीत नाहीं. सूनबाईंनीं एक हौसेनें आणली आहे व हा अंक त्या वाचतात.

वरचा थर कशाचा घालावा, यावर घरांत वाद झाला. आईचें एक लुगडें आमच्या तडाख्यांतून सुटलें होतें; दुसऱ्या पेटींत होतें म्हणून. हिरवें इरकली, तांबड्या कांठाचें. तें ट्रंकेंतून काढून तिनें मांडीवर घेतलें, कांठ बोटांनीं चाचपला आणि म्हणाली, "हें फाडूं."

आम्हांस धस्स झालें. तीन लुगडीं आम्हीं घालविलीं, चौथें आपल्या डोळ्यांदेखत फाटावें हें सहन होईना. आम्ही म्हणालों, "अगं, एवढें एकच उरलें आहे. राहूं दे पेटींत, आठवण म्हणून."

"पेटींत असतांना तुम्हांला दिसेल," ती म्हणाली. "मला काय दिसणार? गोधडी झाली तर रोज हाताला लागेल. आणि पोरगी तिच्यावर निजेल."

यावर युक्तिवाद सुचला नाहीं असें नाहीं. जुनें वस्त्र जपून ठेवण्याचें महत्त्व, पुढील पिढीचें ऋण, वगैरे बरेंच कांहीं जिभेवर आलें होतें. पण ज्यानें पातेल्याचा सौदा केला, त्यानें वस्त्राच्या जपणुकीवर व्याख्यान द्यावें, हें आमचें आम्हांसच शोभलें नाहीं. नऊ वार म्हणजे २७ फूट. साडेसहा फुटांचे चार तुकडे होऊन फूटभर उरतें. मोजून खुणा आम्हीं केल्या. कात्रीनें बोटभर छेद देऊन पुढें हातानेंच फाडावें लागतें, म्हणजे कापड दोऱ्याच्या रेषेंत सरळ जातें; कात्री अखेरपर्यंत चालविली तर वांकडें होतें. एक टोंक तिनें धरलें, दुसरें आम्हीं. फाडतांना जो आवाज झाला त्यानें आम्ही थबकलों. ती म्हणाली, "थांबूं नका, रेषा सुटेल." मधल्या थरांस आमचीं पूजेचीं दोन जुनीं धोतरें गेलीं. तीं कोणीं दिलीं असें विचाराल, तर आम्हीं न मागतां दिलीं.

गेल्या दहा दिवसांत चौदा फेरे झाले. राहिलेले दहा फेरे आंतले, म्हणून आंखूड. आमच्या हिशोबानें आणखी ४२ ओंवण्या, म्हणजे साडेतीन दिवसांचें काम. अर्थात् कुरडयांचा घाट मध्यें आला नसता तर. दुपट्याचा तुकडा धुऊन सांवलींत वाळत घातला आहे. पांचव्या फेऱ्यांत एके ठिकाणीं ओळ तिरकी गेली आहे. आम्हांस ती दिसली, आम्ही बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं आंगठा तेथें अडखळला, तेव्हां तिनें स्वतःच ओळखलें व उसवून पुन्हां घातली. संध्याकाळीं मोगऱ्याच्या कळ्या तीच खुडते. उमलणारी कळी बोटांना फुगीर लागते म्हणे. आमच्यापेक्षां तिच्या परडींत नेहमीं अधिक भरतात.

परवां कुरडयांचे गहूं भिजत घालावयाचे होते. तीन दिवस पाण्यांत राहावयाचे, मोठें भांडें हवें. तिनें मागील दारचें तें पातेलें आंत आणावयास सांगितलें, चिंच लावून स्वतः घांसलें आणि त्यांत गहूं घातले. मोगऱ्यांना पाणी आतां आम्ही प्लास्टिकच्या बादलीनें घालतों.