खो-खोचा इतिहास : धावणाऱ्यांची नावे, बसलेल्यांचे मौन

🧵 १/१२
खो-खोचा इतिहास मराठीत सामान्यतः चपळ धावपटूंचा आणि खांबावर सूर मारणाऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हे कथन अपुरे आहे, आणि अन्यायकारकही. आक्रमणाचा भार ज्या आठ जणांच्या रांगेवर असतो, त्या रांगेला या इतिहासात स्थानच नाही.

२/१२
आधी खेळाची रचना पाहावी. आक्रमक संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात. आठ जण मध्यपाटीवरील चौकोनांत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. संरक्षक तिघांच्या तुकडीने उतरतात आणि त्यांना रांगेच्या मधून कोठूनही आरपार जाण्याची मुभा असते.

३/१२
पाठलाग करणाऱ्यास ही मुभा नाही. दोन खांबांच्या मधली मध्यपाटी त्याला ओलांडता येत नाही, आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलताही येत नाही. म्हणजे पळणारा पलीकडे गेला की एकट्या आक्रमकाची धाव, ती कितीही वेगवान असो, तेथेच संपते. आक्रमण पलीकडे नेते ती बसलेली रांगच.

४/१२
हे नेणे खोमुळे घडते. पाठीमागून स्पर्श आणि त्याच क्षणी उच्चार, असा नियम आहे. देणारा क्षणभर उशीर करील तर गडी निसटतो. घेणारा क्षणभर आधी उठेल तर नियमभंग होतो. कोणाला, केव्हा आणि कोणत्या बाजूला खो द्यायचा, हा आक्रमणातील सर्वांत कठीण निर्णय होय.

५/१२
खो न मिळालेला खेळाडूही निष्क्रिय नसतो. तो उठू शकतो, या धास्तीनेच पळणाऱ्याची साखळी आखडते आणि त्याची वाट अरुंद होते. त्या खेळाडूने स्पर्श केला नाही, धावही घेतली नाही. तरीही गडी बाद होण्यात त्याचा वाटा असतो.

६/१२
आता सामन्याचे वृत्त वाचावे. अमुकाने इतकी मिनिटे संरक्षण केले, तमुकाने इतके गडी टिपले. मिनिटे मोजली, गडी मोजले. मात्र ज्या खोमुळे गडी सापडला, तो कोणाचा होता? वृत्तात त्याचा उल्लेख नसतो. पुढे हीच वृत्ते साधने म्हणून वापरली जातात. आज न नोंदलेली कामगिरी उद्याच्या अभ्यासकाच्या लेखी घडलेलीच नसते.

७/१२
नियमांचा इतिहासही याच खोडीने ग्रासलेला आहे. खो-खोचे नियम लोकमान्य टिळकांनी केले, असे विधान सर्रास आढळते. टिळकांचा जन्म १८५६ सालचा, रत्नागिरीचा. तेव्हा रत्नागिरीकरांना हे विधान जवळचे वाटले तर नवल नाही. पण जवळचे वाटणे हा पुरावा नव्हे.

८/१२
नियमबांधणीचे साल १९१४ आणि स्थळ पुण्याचे डेक्कन जिमखाना, असे सांगितले जाते. टिळक १९०८ पासून जून १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांचा पाठिंबा असेलही. परंतु मोजमापे आखणे, वाद सोडवणे, कलमे लिहिणे ही समितीची कामे आहेत. पुढे १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियम छापले आणि १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते सुधारले. एवढी मोठी रांग एका थोर नावामागे झाकून टाकणे, यात त्या थोर पुरुषाचाही गौरव नाही.

९/१२
हा दोष केवळ मराठी नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यासाठी पाच धिप्पाड खेळाडू भिंत उभारतात. तेथील सर्वांत प्रतिष्ठेचा हाइसमन पुरस्कार १९३५ पासून दिला जातो. त्या भिंतीतील एकालाही तो आजवर मिळालेला नाही. तथापि १९४६ पासून आतील फळीच्या खेळाडूंसाठी आउटलँड हा स्वतंत्र पुरस्कार तेथे आहे. चूक तीच, पण तेथे ती निदान ध्यानात तरी आली.

१०/१२
आक्षेप येईल की शेवटी स्पर्श करणाऱ्यानेच गडी बाद केला, आणि एका पाळीत इतके खो होतात की सर्व मोजणे अशक्य. सर्व मोजण्याची गरजच नाही. गडी बाद होण्यापूर्वीचा शेवटचा खो देणाऱ्याचे नाव टिपावे, एवढेच पुरे. बास्केटबॉलमध्ये गुणास साहाय्य करणाऱ्याची नोंद होते. खो-खोच्या गुणपत्रकात एक रकाना वाढवल्याने कोणता अनर्थ ओढवणार आहे?

११/१२
दुसरा आक्षेप : खेळ सांघिक आहे, श्रेय वाटून काय साधणार? हा युक्तिवाद तेव्हाच प्रामाणिक ठरेल, जेव्हा कोणाचेच नाव छापले जाणार नाही. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांसाठी एकलव्य आणि महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई हे वैयक्तिक पुरस्कार आहेतच. धावणाऱ्याची वेळ आली की व्यक्ती, आणि बसलेल्याची वेळ आली की संघ, ही सोयीची नीती झाली.

१२/१२
जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला. खेळ जगापुढे गेला, नोंदवही मात्र जुनीच राहिली. ‘खो घालणे’ म्हणजे विघ्न आणणे, असा अर्थ भाषेने रूढ केला. मैदानावर तर खोशिवाय आक्रमण पुढे सरकतच नाही. रत्नागिरीच्या तांबड्या मातीत शाळकरी मुलींचा सामना पाहताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने वही घेऊन बसावे आणि प्रत्येक बाद गड्यापुढे दोन नावे लिहावीत : टिपणारीचे आणि खो देणारीचे. संघटना नियम बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. साधने अशीच तयार होतात.