वेणी कापायची की बांधायची?

गेल्या आठवड्यात समोरच्या घरातली मुलगी पेढे घेऊन आली. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं परीक्षा देत होती बिचारी. आता जिल्ह्याच्या गावी एका खासगी बँकेच्या शाखेत नोकरी लागलीय. एक तारखेला हजर व्हायचंय. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि जरा घुटमळून म्हणाली, "काकू, एक विचारू? केस कापू का हो?"

तिचे केस म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीचं कौतुक. कंबरेच्या खाली रुळणारी, मनगटाएवढी जाड वेणी. दर रविवारी आजी तेल चोळून देणार, शिकेकाई उकळणार, मग गच्चीवर केस वाळवायचा कार्यक्रम. आता या केसांवर घरात चर्चासत्र बसलेलं. मैत्रीण म्हणते, "एवढी लांब वेणी घालून गेलीस तर काकूबाई म्हणतील." आई म्हणते, "लग्न ठरेपर्यंत तरी हात लावू नकोस." बाबा म्हणतात, "बँक काम बघेल की केस?" भाऊ नुसताच हसतो. सगळ्यांचं मत तयार होतं. तिला स्वतःला काय वाटतं, ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मैत्रिणींनो, हा प्रश्न वरवर पार्लरचा वाटतो. पण आज तो अनेक घरांत विचारला जातोय आणि त्यामागे बरंच काही आहे.

सरकारच्या श्रमबळ सर्वेक्षणाचे आकडे बघा. २०१७-१८ मध्ये आपल्या देशात १५ वर्षांवरच्या दर शंभर बायकांमागे साधारण २३ जणी काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. २०२३-२४ मध्ये हा आकडा जवळजवळ ४२ वर गेला. यातल्या पुष्कळ जणी घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात राबतात, दरमहा पगार हातात पडणाऱ्या अजूनही थोड्याच. म्हणून तर लहान गावातल्या मुलीला पगाराची नोकरी लागली की घरादाराला धडकी भरते. काही चुकायला नको, कुणी नाव ठेवायला नको. मग साडी की ड्रेस, टिकली लावू की नको, केस कापू की ठेवू, सगळ्याचाच प्रश्न होतो.

सकाळचा हिशेब

आधी साधी अडचण बोलू या, वेळेची. लांब केस धुवायला, वाळवायला, विंचरायला वेळ लागतो. ज्या गावात नळाला दिवसाआड पाणी येतं आणि ७.४०ची एसटी गाठायची असते, तिथे ओली वेणी घालून पळावं लागतं. दिवसभर ओले केस बांधून ठेवले की वास येतो, डोक्याला खाज सुटते.

हा वेळ आणायचा कुठून? २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणाप्रमाणे घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची जातात ८८ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पावणेपाच तास आणि बुवांचा दीड तास. नोकरी लागली म्हणून बाईच्या वाटची भांडी, पोळ्या, डबे आपोआप कमी होत नाहीत. मग ती वेळ वाचवायला बघते, आणि पहिली कात्री चालते ती स्वतःवरच! "केस कापले की सकाळची वीस मिनिटं वाचतात," असं जी म्हणते तिचं खोटं नाही. फक्त एक प्रश्न तिने घरात मोठ्याने विचारावा. सकाळची वीस मिनिटं दुसऱ्या कुणाला देता येतील का? भावाने स्वतःचा डबा भरला तर वेणी वाचेल कदाचित!

नियम कशासाठी?

दुसरा भाग नियमांचा. नोकरीच्या ठिकाणी केसांबद्दल नियम असतात, पण सगळे नियम एका तागडीत घालू नयेत.

काही नियम जिवासाठी असतात. यंत्रावर काम करणाऱ्या बाईचे केस मोकळे असतील तर काय होतं, हे मळणी यंत्र किंवा पिठाच्या गिरणीचा पट्टा जवळून पाहिलेल्या बाईला सांगायला नको. वेणीचं टोक फिरत्या भागात गेलं की हात लावायलाही वेळ मिळत नाही. तिथे केस घट्ट बांधून टोपीखाली घ्यायचे, यात वाद नाही.

काही नियम स्वच्छतेसाठी असतात. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्यांनी डोकं झाकायला हवं. मसाल्याच्या कारखान्यात, बेकरीत, खानावळीत हे लागू होतं. दवाखान्यात सिस्टरांना अंबाडा घालायला सांगतात तोही याचसाठी. रुग्णाच्या जखमेवर केस पडू नये.

पण नीट बघा, या दोन्ही प्रकारांत "केस कापा" असं कुठे आहे? "बांधा आणि झाका" एवढंच आहे. लांब केसांची बाई हे नियम रोज पाळू शकते.

तिसरा प्रकार आवडीनिवडीचा, आणि खरी गडबड इथेच असते. "प्रेझेंटेबल हवी", "स्मार्ट हवी" हे शब्द जाहिरातीत असतात, त्यांचा अर्थ कुठेच लिहिलेला नसतो. तो अर्थ मग मैत्रीण सांगते, पार्लरवाली सांगते, मालिकेतली ऑफिसवाली बाई सांगते. आणि आपण घाबरून न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळ्या होतो.

मोठ्या कंपन्या असा अर्थ लिहून काढतात तेव्हा काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाने विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या राहणीचे नियम काढले. पांढरे केस दिसता कामा नयेत, रंगवून घ्यावेत, आणि टक्कल पडू लागलेल्या पुरुषांनी डोकं गुळगुळीत ठेवावं, असं त्यात असल्याच्या बातम्या तेव्हा सगळीकडे गाजल्या. बाईला हे नवीन नाही. पुरुषांच्या डोक्यापर्यंत नियम गेला तेव्हा मात्र त्याची चर्चा झाली!

उलटी उदाहरणंही आहेत. अमेरिकेच्या लष्करात बायकांना लांब केस असतील तर घट्ट अंबाडा घालावा लागे. त्यावर हेल्मेट नीट बसत नसे आणि सारखे ताणून केस गळत, अशा तक्रारी होत्या. २०२१ मध्ये लष्कराने नियम बदलला आणि एक पोनी किंवा वेणी पाठीवर सोडायला परवानगी दिली. स्कूटीवरून नोकरीला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे लगेच पटेल. अंबाड्यावर हेल्मेट बसवून बघा एकदा!

त्याच देशात कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदाच केला, की आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या कुरळ्या केसांवरून, वेण्यांवरून नोकरीत भेदभाव करता येणार नाही. फ्रान्सच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने मार्च २०२४ मध्ये केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध विधेयक मंजूर केलं. आपल्याकडे केसांसाठी असा वेगळा कायदा नाही. पण कंपनीने केला म्हणजे तो नियम दगडावरची रेघ, असंही नाही. एअर इंडियाच्याच हवाई सुंदरींच्या खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पहिल्या गर्भारपणात नोकरी संपवणारा नियम मनमानी ठरवून रद्द केला होता.

केस कुणाचे?

आपल्या मराठी मुलखात बाईच्या केसांचा निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा, ही सवय जुनी आहे. नवरा गेला की ब्राह्मण विधवेचे केस काढले जात. तिला कुणी विचारत नसे. या प्रथेविरुद्ध १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकच उभे राहिले आणि हे काम आम्ही करणार नाही म्हणाले.

त्यानंतरची पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट मला आज फार आठवते. त्या विधवा होत्या. धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गण्या गोळा केल्या, भाषणं केली. बरीच वर्षं त्या केशवपन केलेल्याच राहिल्या. पुढे त्यांनी विचार करून ते थांबवलं आणि केस वाढू दिले. लोक बोलले, पण त्यांचं काम थांबलं नाही. आपण हे का केलं, ते त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. नोकरी-काम करणाऱ्या बाईने स्वतःच्या डोक्याने स्वतःच्या डोक्याबद्दल घेतलेला तो निर्णय होता.

आज सक्ती तशी नाही, मान्य. पण "लग्न ठरेपर्यंत कापू नको" म्हणणारं घर आणि "कापल्याशिवाय स्मार्ट दिसणार नाहीस" म्हणणारा बाजार, दोघंही तिला सोडून तिसऱ्याच माणसाचा विचार करतात. एकाला पाहुणे दिसतात, दुसऱ्याला गिऱ्हाईक.

मग करायचं काय?

पहिलं, विचारा. नेमणूकपत्र नीट वाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यात किंवा सोबतच्या कागदात राहणीबद्दल काही लिहिलंय का बघा. नसेल तर ऑफिसात फोन करून सरळ विचारा, "केसांबद्दल काही नियम आहे का?" यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरं, कापण्याआधी बांधून बघा. हजर होण्याआधी चार दिवस सकाळी घड्याळ लावून तयारी करा. वेणी, अंबाडा, जाळी, जे घालणार असाल ते घालून दिवसभर वावरा. डोकं जड होतं का, मान दुखते का, कळेल. रोज एकाच जागी घट्ट अंबाडा घातला तर कपाळाकडचे केस ताणून विरळ होतात, तेव्हा जागा आणि पद्धत बदलत राहा.

तिसरं, कापायचेच असतील तर आदल्या दिवशी नको. दोन-तीन आठवडे आधी कापा, म्हणजे आरशातल्या नव्या बाईची ओळख व्हायला वेळ मिळेल. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. सहा इंच कापले तर तेवढे परत यायला वर्ष लागतं. म्हणून पहिल्यांदा थोडेच कापा, कमी करायला वाट नेहमीच मोकळी असते. ओले केस वाळल्यावर थोडे वर चढतात, हेही धरून चला. आणि टोकं कापली की केस भराभर वाढतात, ही समजूत मात्र सोडा. वाढ मुळाशी होते, कात्री टोकाला लागते. फाटे कमी होतात एवढाच फायदा.

चौथं, पहिला पगार हातात येण्याआधी हजारो रुपये खर्चून केस सरळ करून घ्यायची घाई करू नका. केस सरळ करायच्या काही द्रावणांतून गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. डोळे, घसा चुरचुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या रसायनाला कर्करोगकारक ठरवलेलं आहे. कुरळे केस असणं हा काही दोष नव्हे.

आणि नोकरी लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळायला लागले तर लगेच कात्रीला दोष देऊ नका. दगदग, जागरण, ताण यांचा परिणाम केसांवर असाच उशिरा दिसतो. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. रक्तातलं लोह कमी असलं तरी केस गळतात. हिमोग्लोबिन तपासून घ्या. डबा भरताना आपल्याही डब्यात भाजी आहे ना, ते बघा.

समोरच्या मुलीला मी एवढंच म्हटलं, "तू आधी फोन कर." तिने दुसऱ्या दिवशी केला. शाखेतल्या मॅडम म्हणाल्या, "केस नीट बांधलेले असू देत, बस." मग ती दोन दिवस अंबाडा घालून आईच्या जुन्या स्कूटीवरून फिरली. हेल्मेट बसेना, मान अवघडली. तिसऱ्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन तिने आठ इंच कमी केले. आता वेणी कंबरेच्या वर येते, पाठीवर रुळते आणि हेल्मेट बसतं.

आई दोन दिवस नीट बोलली नाही. आजीने मात्र रविवारी नेहमीसारखी तेलाची वाटी कोमट केली आणि म्हणाली, "बस खाली. आता तेल तरी कमी लागेल गं."